इन्शुलीनचा रोजचा खर्च आणि विमा

मधुमेह ही व्याधी भारताला नवी नाही. मधासारखे मूत्र होणाऱ्या या रोगाचे वर्णन चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत आढळते, आणि अशा रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात ही खूणही प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. नवी आहे ती या व्याधीची व्याप्ती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. यांपैकी बहुसंख्यांचे आहार, व्यायाम आणि गोळ्या यांवर भागते. परंतु काहींच्या बाबतीत कालांतराने गोळ्या अपुऱ्या पडतात आणि इन्शुलीन टोचून घ्यावे लागते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाने पीडित असलेल्यांना, ज्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असते, निदानाच्या दिवसापासूनच इन्शुलीनवाचून गत्यंतर नसते. त्यांच्यासाठी ते केवळ औषध नव्हे. अन्नपाण्याइतकीच ती रोजची निकड आहे.

या रोजच्या निकडीचा पैसा कोठून यावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. आरोग्यविमा काढला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हे पाहण्यापूर्वी, ज्या वस्तूसाठी पैसा मोजावयाचा त्या वस्तूचा थोडा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

इन्शुलीनची ओळख

पोटाच्या मागील बाजूस असलेल्या स्वादुपिंडात पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. पाउल लांगरहान्स या जर्मन संशोधकाने 1869 साली त्यांचे प्रथम वर्णन केले. समुद्रात बेटे दिसावीत तसे ते दिसतात, म्हणून बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्याला पुढे इन्शुलीन हे नाव पडले. रक्तातील साखर पेशींच्या आत शिरून तिचा ऊर्जेसाठी उपयोग व्हावा, यासाठी हे द्रव्य आवश्यक असते. ते नसेल तर रक्तात साखरेचा पूर आणि पेशी मात्र उपाशी, अशी विपरीत स्थिती निर्माण होते. मग शरीर चरबी जाळू लागते, त्यातून आम्लधर्मी द्रव्ये रक्तात साठतात आणि उपचार न झाल्यास रोगी बेशुद्ध होऊन दगावतो.

कॅनडातील टोरोंटो येथे 1921 साली फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी, जे. जे. आर. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, हे द्रव्य वेगळे काढण्यात यश मिळवले. 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. परंतु तो अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर 23 जानेवारीपासून पुन्हा टोचणे सुरू झाले आणि मरणोन्मुख मुलगा सावरला. संशोधकांनी आपले एकस्व टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. हे औषध कोणा एकाच्या नफ्याचे साधन होऊ नये, असा त्यामागील हेतू होता. पुढील शंभर वर्षांत या हेतूचे काय झाले, हा निराळ्या ग्रंथाचा विषय ठरेल.

प्रारंभी इन्शुलीन गुरे आणि डुकरे यांच्या स्वादुपिंडांतून काढीत. 1978 साली जिवाणूंकडून मानवी इन्शुलीन तयार करून घेण्याची विद्या साध्य झाली आणि 1982 पासून ते अमेरिकेत विक्रीस आले. आज भारतीय बाजारात मुख्यत्वे दोन कुळांची इन्शुलिने मिळतात. मानवी इन्शुलिने जुनी व स्वस्त आहेत. त्यांत जेवणापूर्वी अर्धा तास टोचावयाचे स्वच्छ पाण्यासारखे साधे इन्शुलीन, दीर्घकाळ टिकणारे गढूळ इन्शुलीन आणि या दोहोंचे 30 व 70 या प्रमाणातील मिश्रण असे प्रकार येतात. दुसरे कूळ सुधारित इन्शुलिनांचे. यांतील काही टोचताच काम करू लागतात, तर ग्लार्जिनसारखे सुमारे चोवीस तास एकसारखा परिणाम देते. दुसऱ्या कुळाची किंमत बरीच अधिक असते. अनेकांना त्यांची खरोखर गरज असते. तथापि मानवी इन्शुलिनावर ज्यांची साखर नीट राहते त्यांनी, नवे म्हणून, महागाकडे वळण्याचे कारण नाही. हा निर्णय अर्थात डॉक्टरांशी बोलूनच व्हावा. तो बोलताना खर्चाचा विषय काढण्यास रोग्याने संकोचू नये. कागदावर लिहून दिलेले पण विकत न घेता आलेले औषध कोणालाही बरे करीत नाही.

येथे एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे. भारतात मिळणाऱ्या 10 मिलिलिटरच्या कुपीत बहुधा दर मिलिलिटरला 40 एकके, म्हणजे एकूण 400 एकके, इन्शुलीन असते. पेनमध्ये घालावयाच्या नळीत मात्र दर मिलिलिटरला 100 एकके असतात. कुपीही 100 एककांच्या तीव्रतेच्या मिळू शकतात. सिरिंजाही दोन प्रकारच्या असतात: 40 साठी लाल टोपणाची आणि 100 साठी नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजेत 100 तीव्रतेचे इन्शुलीन 20 च्या खुणेपर्यंत ओढले तर शरीरात 20 नव्हे, 50 एकके जातात. एवढ्या मात्रेने साखर एकदम उतरून प्राणावर बेतू शकते. दुकान बदलले, स्वस्त म्हणून दुसरी कुपी आणली, प्रवासात उसनी सिरिंज घेतली, की हा घोटाळा संभवतो. प्रत्येक खरेदीच्या वेळी कुपीवरील आकडा आणि सिरिंजेवरील आकडा एकच आहे ना, हे पाहून घ्यावे.

महिन्याचा हिशेब

इन्शुलीनची किंमत ठरविण्यात शासनाचा वाटा मोठा आहे. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत मानवी इन्शुलीन पूर्वीपासून आहे. 2022 साली ग्लार्जिनही त्या यादीत घालण्यात आले. यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण ठरविते. डिसेंबर 2021 मध्ये 40 एककांच्या मानवी इन्शुलिनासाठी ही मर्यादा दर मिलिलिटरला 15 रुपये 9 पैसे होती; म्हणजे 10 मिलिलिटरची कुपी कर वगळून सुमारे 151 रुपयांना पडे. त्यानंतर या दरात वेळोवेळी फेरफार होत आले असले तरी हिशेबासाठी हाच आकडा घेऊ.

समजा, लखनौमध्ये घरबसल्या चिकनचे भरतकाम करणाऱ्या एका बाईची बारा वर्षांची मुलगी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाने आजारी आहे. तिला दिवसाला 30 एकके इन्शुलीन लागते. महिन्याची 900 एकके म्हणजे सव्वादोन कुप्या. खर्च सुमारे 340 रुपये. आकडा फारसा भीतिदायक वाटत नाही. परंतु हिशेब येथे संपत नाही. इन्शुलीनची मात्रा आंधळेपणाने ठरविता येत नाही. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजावी लागते. त्यासाठी लागणारी एक पट्टी 20 रुपयांना मिळते असे धरले आणि दिवसातून दोनच वेळा तपासणी केली, तरी महिन्याला 1,200 रुपये होतात. म्हणजे औषधाहून मोजमापच महाग! पहिल्या प्रकारच्या मधुमेहात दोन तपासण्या पुरत नाहीत, हे वेगळेच. शिवाय सिरिंजा, काही महिन्यांनी करावयाची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, रुग्णालयात जाण्यायेण्याचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी, या गोष्टी कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर छापलेल्या नसतात.

आणखी एक छुपा खर्च आहे. उघडलेली कुपी सामान्यतः चार आठवड्यांनी टाकून द्यावी लागते. ज्या लहान मुलाला दिवसाला 10 एककेच लागतात, त्याच्या कुपीतील 400 पैकी जेमतेम 280 एकके कामी येतात. न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सियस तापमानात ठेवावयाच्या असतात. घरी शीतकपाट नसेल तर उत्तर भारतातील मे महिन्याच्या उन्हाळ्यात हे कसे साधावे? ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात, झाकणबंद डब्यात कुपी ठेवण्याचा उपाय अनेक ठिकाणी योजला जातो. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपून आतील हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गार राहते. ते शीतकपाट नव्हे, आणि त्यात महिनोन्‌महिने साठा करू नये. पण हातातील कुपी वाचविण्यास ते उपयोगी पडते. ज्यांच्याकडे शीतकपाट आहे त्यांनी कुपी बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी. एकदा गोठलेले इन्शुलीन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी वापरू नये.

विम्याची नजर खाटेवर

भारतात सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण 1 जानेवारी 1973 पासून झाले. त्यानंतर शासकीय विमा कंपन्यांनी 1986 साली मेडिक्लेम हे विमापत्र सुरू केले. आज खाजगी व शासकीय कंपन्यांची विमापत्रे पुष्कळ आहेत. पण त्यांचा मूळ साचा मेडिक्लेमचाच आहे. रोगी किमान चोवीस तास रुग्णालयात दाखल झाला, तर खर्च मिळावयाचा. दाखल होण्यापूर्वीचे साधारण 30 दिवस आणि नंतरचे 60 दिवस यांतील संबंधित औषधांचा खर्चही बहुतेक विमापत्रांत धरतात. जुन्या मेडिक्लेममध्ये घरी घेतलेल्या उपचारांसाठी एक तरतूद होती खरी. परंतु तिच्यातून वगळलेल्या रोगांच्या यादीत दमा, रक्तदाब यांच्या जोडीला मधुमेहाचेही नाव होते. दीर्घकाळ घरी सांभाळावे लागणारे रोगच नेमके त्या यादीत जाऊन बसले होते, ही गोष्ट बोलकी आहे.

विमेकऱ्यांच्या दृष्टीने यात एक तर्क आहे. विमा असतो तो अनिश्चित संकटाचा. घराला आग लागेल की नाही हे ठाऊक नसते, म्हणून आगीचा विमा निघतो. इन्शुलीन उद्या लागणार आणि परवाही लागणार हे ठरलेलेच असते, तेव्हा तो विम्याचा विषय नव्हे, असे ते म्हणतात. हा तर्क वरवर बिनतोड दिसतो. परंतु इन्शुलीन थांबले की जे संकट येते ते अनिश्चित नसून जवळजवळ निश्चित असते, आणि त्याचे देयक मात्र विमा चुकते करतो. 1993 साली अमेरिकेत व कॅनडात 1,441 रुग्णांवरील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इन्शुलीन व तपासण्या यांच्या साहाय्याने साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवणाऱ्यांत दृष्टिपटलाचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला होता. मूत्रपिंडांच्या व मज्जातंतूंच्या विकारांतही मोठी घट दिसली. रोजची कुपी नाकारून पुढे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला पैसे देणाऱ्या व्यवस्थेला केवळ हिशेबाच्या दृष्टीनेही शहाणी म्हणता येणार नाही.

लखनौच्या त्या मायलेकींकडे पुन्हा वळू. त्यांच्याकडे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड आहे असे समजू. 23 सप्टेंबर 2018 रोजी रांची येथे सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळतात. 2024 साली सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिच्यात घेण्यात आले. ही योजना गरिबांना मोठाच आधार आहे, यात शंका नाही. पण तिचीही नजर रुग्णालयातील खाटेवर आहे. सणानंतर भरतकामाची मागणी मंदावली, मायने कुपी पुरवून पुरवून वापरण्यासाठी मुलीची मात्रा निम्मी केली, आणि आठवड्याभरात मुलगी ओकाऱ्या व धाप यांनी बेजार होऊन रुग्णालयात पोचली, तर तेथील हजारोंचा खर्च योजना उचलील. घरी पाठविताना पंधरा दिवसांची औषधेही मिळतील. सोळाव्या दिवशी पुन्हा 340 रुपयांचा प्रश्न माउलीसमोर उभा राहील, आणि त्याचे उत्तर त्या कार्डात नाही.

दवाखान्यातून औषध देणाऱ्या व्यवस्था

याच्या उलट, रोजच्या औषधाचा भार उचलणारी एक विमायोजना देशात फार पूर्वीपासून आहे. 1948 च्या कायद्यान्वये निर्माण झालेली कर्मचारी राज्य विमा योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तिच्यात कामगार आणि मालक दोघेही वर्गणी भरतात. जुलै 2019 पासून कामगाराचा वाटा वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. पंधरा हजार वेतन असलेल्या कामगाराचे महिन्याला 112 रुपये 50 पैसे कापले जातात. मालक 487 रुपये 50 पैसे भरतो. त्याबदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला दवाखान्यातील तपासणी आणि औषधे मिळतात. मधुमेह आधीपासून होता की नंतर झाला, हे येथे कोणी विचारीत नाही. लखनौपासून फार दूर नसलेल्या कानपुरातील चर्मोद्योगाच्या कारखान्यात नोंदलेल्या कामगाराची मुलगी त्याच व्याधीने आजारी असेल, तर तिच्या कुपीची सोय, निदान नियमाने तरी, लागलेली असते. दोन मुली, एकच रोग. फरक आईबापांच्या कामाची नोंद आहे की नाही एवढाच. दवाखान्यांत औषधांचा तुटवडा पडतो, रांगा लांब असतात, ही गाऱ्हाणी खोटी नाहीत. परंतु तत्त्व म्हणून ही योजना मेडिक्लेमच्या कितीतरी पुढे होती, आणि तिच्यानंतर निघालेल्या योजनांनी तिचे हे अंग का सोडून दिले याचा विचार फारसा झालेला नाही.

या योजनेच्या दोन नियमांकडे इन्शुलीन घेणाऱ्या कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. तिला वेतनमर्यादा आहे. जानेवारी 2017 पासून ती महिना 21,000 रुपये करण्यात आली. वेतनवाढ होऊन ही मर्यादा ओलांडली की चालू सहामाही वर्गणीचा काळ संपल्यावर सभासदत्व सुटते. म्हणजे बढतीबरोबर कुपीचा खर्चही घरी येतो, आणि त्याची तजवीज आधी करावी लागते. दुसरा नियम निवृत्तांचा. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यास वर्षाला अवघे 120 रुपये भरून स्वतःसाठी व पती अथवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 1954 साली दिल्लीत सुरू झालेली आरोग्य योजनाही दवाखान्यातून औषधे देते. काही राज्यांनी विम्याचा मार्ग बाजूला ठेवून सरळ औषधेच पुरविण्याचे ठरविले. तमिळनाडूने औषधखरेदीसाठी 1994 साली स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून शासकीय रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. केरळात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांसाठी ‘मिठायी’ या गोड नावाची योजना असून तीत इन्शुलीनबरोबर तपासणीची साधनेही दिली जातात. वर केलेला पट्ट्यांचा हिशेब आठवला म्हणजे या तरतुदीचे महत्त्व ध्यानी येईल. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे दवाखाने जिल्हा रुग्णालयांत असतात. लखनौच्या मुलीला आशा असेल तर ती तेथेच. स्वस्त दरात औषधे विकणारी जन औषधी केंद्रे 2008 पासून निघाली. विकतच घ्यावयाचे असेल तर तेथे आधी चौकशी करावी.

विमापत्र घेताना

खाजगी विमापत्र निरुपयोगी आहे, असा वरील विवेचनाचा अर्थ नाही. इन्शुलीन घेणाऱ्याला रुग्णालयात जाण्याचा प्रसंग इतरांपेक्षा अधिक येतो, आणि तो खर्च एखाद्या कुटुंबाला कर्जात बुडवू शकतो. तेव्हा विमापत्र घ्यावे. पण ते वाचून घ्यावे.

सर्वांत मोठी चूक घडते ती प्रस्तावाचा अर्ज भरताना. ‘मधुमेह लिहू नका, हप्ता वाढेल,’ असा सल्ला देणारे दलाल भेटतात. अर्जावर सही मात्र दलालाची नसते. पुढे रुग्णालयातील कागदांवर ‘आठ वर्षांपासून इन्शुलीन चालू’ असे वाक्य दिसले की माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा फेटाळला जातो, आणि इतकी वर्षे भरलेले हप्ते पाण्यात जातात. आजार प्रामाणिकपणे लिहिला तर प्रतीक्षाकाळ लागतो खरा; परंतु एप्रिल 2024 पासून तो तीन वर्षांहून अधिक असता कामा नये, असा नियामक प्राधिकरणाचा नियम आहे. त्याच वेळी आणखी एक नियम झाला: विमापत्र सलग पाच वर्षे चालू राहिले तर त्यानंतर, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद वगळता, माहिती लपविली या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येत नाही. यासाठी हप्ता वेळेवर भरून विमापत्रात खंड पडू न देणे महत्त्वाचे ठरते. कंपनी बदलावयाची झाल्यास रीतसर स्थलांतर करून घ्यावे, म्हणजे काढलेला प्रतीक्षाकाळ हिशेबात धरला जातो.

अलीकडे बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च देणारी आणि खास मधुमेहींसाठी आखलेलीही विमापत्रे मिळू लागली आहेत. ती घेण्यापूर्वी साधे गणित मांडावे: जादा हप्ता वर्षाला किती, आणि औषधांपोटी जास्तीत जास्त किती मिळणार? जादा हप्ता 6,000 आणि औषधांची मर्यादा 5,000 असेल, तर तेवढे पैसे घरातल्या डब्यात ठेवणे बरे. इन्शुलीनबरोबर सुया आणि पट्ट्या धरल्या आहेत का, हेही लेखी विचारावे. तोंडी उत्तराला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

रुग्णालयातून घरी जाण्याच्या दिवशी रोग्याच्या नातलगांनी घाई करू नये. सुटीच्या कागदावर इन्शुलीनचे नाव, तीव्रता आणि मात्रा स्पष्ट लिहून घ्यावी, कारण नंतरच्या औषधांचा दावा त्याच कागदावर उभा राहतो. योजनेतून पंधरा दिवसांची औषधे मिळावयाची असतील तर ती हातात पडल्यावरच निघावे. आणि त्याच डॉक्टरांकडून जिल्हा रुग्णालयाच्या मधुमेह दवाखान्यासाठी चिठ्ठी मागून घ्यावी. ती घेऊन तेथे पहिल्याच आठवड्यात जावे, शेवटची कुपी अर्धी असताना.